आधी काम पक्के, मग विमा
निपाणी परिसरातील घरगुती वीजकामाचा जाहीरनामा

आम्ही निपाणीची आणि भोवतालच्या गावांची माणसे आहोत. कोगनोळी, सौंदलगा, यमगर्णी, अकोळ, बेनाडी, बोरगाव ही आमची गावे. आमच्यात घर बांधणारे आहेत, भाड्याने राहणारे आहेत, तंबाखूच्या वखारीत राबून एकेक खोली वाढवणाऱ्या बाया आहेत आणि खांद्यावर पिशवी टाकून घरोघरी वायरिंग करणारे वायरमनही आहेत. आज आम्ही एकत्र येऊन जाहीर करतो: आमच्या भिंतींत जाणाऱ्या प्रत्येक तारेमागे एक जबाबदार नाव असेल, प्रत्येक नावामागे एक चाचणी असेल आणि त्या चाचणीचा कागद घरात राहणाऱ्याच्या हातात असेल.

या गावाला हक्क मागण्याची सवय आहे. १९८१ साली तंबाखूला भाव मागत शेतकरी इथल्या पुणे-बंगळूर महामार्गावर बसले आणि त्यांनी गोळीबारही सोसला. वखारीत तंबाखूच्या धुळीत काम करणाऱ्या स्त्रियांनी संघटना बांधली. त्या लढ्यावर १९८२ मध्ये 'युगांतर' या स्त्रियांच्या गटाने माहितीपट केला. या गावाने भाव मागितला, मजुरी मागितली. आता आम्ही सुरक्षितता मागतो आहोत आणि ती मागताना आमच्या वाट्याचे कामही अंगावर घेतो आहोत.

काय चुकते आहे

पाया खणताना घरचा कर्ता माणूस उन्हात उभा राहतो. स्लॅबच्या दिवशी भावकी जमते, नारळ फुटतो. वायरिंगच्या दिवशी मात्र कोणी नसते. भिंतीला झिरी मारली जाते, पाइप बसतो, तार ओढली जाते, वरून गिलावा होतो, रंग लागतो आणि घरातली सर्वांत धोकादायक गोष्ट कायमची नजरेआड जाते. चर्चा होते ती फक्त पॉइंटच्या दराची.

एखादा बोर्ड उघडून पाहा. तीन भोकांच्या सॉकेटमध्ये वरचे मोठे भोक अर्थिंगचे असते. त्याच्या मागच्या स्क्रूला हिरवी तार जोडलेली असायला हवी. कितीतरी घरांत तो स्क्रू मोकळाच असतो. हिरवी तार तिथवर आलेलीच नसते, नाहीतर आलेली असते आणि कापून पेटीच्या कोपऱ्यात दुमडून ठेवलेली असते. दिवा लागतो, पंखा फिरतो, टीव्ही चालतो, म्हणून काम झाले असे घर मानते. मग एक दिवस मोरीजवळ वॉशिंग मशीन येते. ओल्या फरशीवर उभी राहून घरातली बाई पत्र्याला हात लावते आणि कोपरापर्यंत झिणझिण्या जातात. "जरा करंट मारतंय, पायात चप्पल घालून हात लाव" हा सल्ला आमच्या गल्ल्यांत सुनेला, मुलीला, भाडेकरूला सहज दिला जातो. हा सल्ला म्हणजे मृत्यूशी केलेली तडजोड आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अलीकडच्या अहवालांनुसार देशात विजेच्या धक्क्याने दरवर्षी १२ हजारांहून अधिक माणसे मरतात. त्यांतली काही शेतात मरतात, काही खांबावर, काही कारखान्यात. आणि काही मोरीत, स्वयंपाकघरात, पाण्याची मोटर चालू करताना मरतात.

मीटरपर्यंतची वीज हेस्कॉम या वीज कंपनीची. मीटरच्या पुढची तार आमची. गृहज्योती योजनेने जुलै २०२३ पासून कर्नाटकातल्या घरांचे २०० युनिटपर्यंतचे बिल उचलले. त्या योजनेने भिंतीतल्या तारेची जबाबदारी उचललेली नाही आणि कोणतीही योजना ती उचलणार नाही.

कायदा मुका नाही. १९५६ च्या भारतीय वीज नियमांपासून केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या २०२३ च्या सुरक्षा विनियमांपर्यंत एक गोष्ट कायम आहे: वायरिंग परवानाधारक कंत्राटदाराने, जाणकाराच्या देखरेखीखाली करायचे. नवी जोडणी घेताना काम पूर्ण झाल्याचा आणि चाचणीचा अहवाल जोडावा लागतो. प्रत्यक्षात आमच्या भागात अनेकदा सही एकाची असते आणि हात दुसऱ्याचे. सही करणाऱ्याने घर पाहिलेले नसते. तार ओढणाऱ्याचे नाव कागदावर नसते. अहवालात आकडे भरलेले असतात आणि तारांचे इन्सुलेशन मोजणारे मेगर घराच्या उंबऱ्याच्या आत आलेलेच नसते.

कर्नाटक-महाराष्ट्र सीमेने हा प्रश्न आणखी अवघड केला आहे. देवचंद महाविद्यालय निपाणीचे म्हणून ओळखले जाते, पण ते उभे आहे अर्जुननगरात, कागल तालुक्यात, महाराष्ट्रात. इकडे हेस्कॉम, तिकडे महावितरण. आमचे वायरमन दिवसातून दोनदा ही हद्द ओलांडतात आणि परवाना मात्र एकेका राज्याचा असतो. काम करून गेलेला माणूस दोन वर्षांनी शोधायचा तर फोन लागत नाही, दुकान हललेले असते, पावती कधी मिळालेलीच नसते.

नेमक्या या पोकळीत आता एक नवा कागद येतो आहे. घराचे काम देताना, इंटिरियर करताना, इन्व्हर्टर किंवा सोलर बसवताना सांगितले जाते: थोडे जास्त भरा, कामावर वॉरंटीचा विमा घ्या, निर्धास्त राहा. घ्यायचा की नाही ते आपल्या मर्जीवर. घेणे फायद्याचे आहे का, हा प्रश्न आज घराघरांत विचारला जातो. या जाहीरनाम्यात आम्ही त्याचे उत्तर देतो.

आम्ही काय मानतो

आम्ही मानतो की विमा भरपाई देतो, सुरक्षितता देत नाही. जळालेल्या बोर्डाचे पैसे परत येतील, मोरीत गेलेले माणूस येणार नाही. म्हणून पहिला रुपया अर्थिंगवर, दुसरा आरसीसीबीवर आणि त्यानंतरचा विम्यावर खर्च व्हावा. एमसीबी तारेचे रक्षण करते. लोड वाढला किंवा शॉर्ट झाले की ती पडते. माणसाचे रक्षण करते ती ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी. वीज भलत्या वाटेने, कुणाच्या अंगातून जाऊ लागली की ती पापणी लवण्याआधी पुरवठा तोडते. ती काही हजारांत बसते. जिथे ती नाही तिथे वॉरंटी विकणे हा घराचा विश्वासघात आहे.

आम्ही मानतो की विमा मोठ्या आणि क्वचित येणाऱ्या आघातासाठी असतो. हप्त्यातून कंपनीचा खर्च जातो, विकणाऱ्याचे कमिशन जाते, नफा जातो. उरते त्यातून दावे भागवले जातात. म्हणून जो खर्च आपण स्वतः पेलू शकतो त्याचा विमा काढणे तोट्याचे. एक स्विच, एक होल्डर, एक बोर्ड बदलणे घर पेलते. घर जळणे कोणी पेलत नाही. कमावता माणूस जाणे कोणी पेलत नाही.

या मोठ्या आघातांसाठी साधने आधीच हाताशी आहेत. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत १८ ते ७० वयाच्या बँक खातेदाराला २ लाखांचे अपघाती मृत्यूचे संरक्षण मिळते आणि विजेच्या धक्क्याने झालेला मृत्यू हा अपघातच आहे. घरासाठी विमा नियामकाने १ एप्रिल २०२१ पासून सर्व कंपन्यांना एकाच मसुद्याची 'भारत गृह रक्षा' पॉलिसी दिली आहे. तिच्यात आग आहे आणि पूरही आहे. २०१९ आणि २०२१ मध्ये वेदगंगेचे पाणी यमगर्णीजवळ महामार्गावर आले, घरांत शिरले, बोर्डात गाळ बसला. कारागिराच्या कामाची हमी असल्या पुराला कामी येत नाही. घराची पॉलिसी येते. तिची एक मर्यादा मात्र ध्यानात ठेवावी: ज्या उपकरणात किंवा फिटिंगमध्ये शॉर्ट सर्किट झाले तेवढ्या वस्तूचे नुकसान ती देत नाही, त्यातून पसरलेल्या आगीचे देते.

आम्ही मानतो की जे कायद्याने आपलेच आहे ते पुन्हा विकत घ्यायचे नसते. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली पैसे घेऊन केलेले वायरिंग ही सेवा आहे आणि ते निकृष्ट असेल तर ती सेवेतील त्रुटी आहे. तक्रार दोन वर्षांच्या आत, आपण राहतो तिथल्या जिल्हा आयोगात, म्हणजे आमच्यासाठी बेळगावात करता येते. कारागीर सीमेपलीकडचा असला तरी करता येते. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्कही नाही. रेरा या स्थावर मालमत्ता कायद्याखाली नोंदलेल्या प्रकल्पात फ्लॅट घेतला असेल तर ताबा मिळाल्यापासून पाच वर्षे कामातला दोष बिल्डरने स्वखर्चाने काढून द्यायचा, असे २०१६ च्या कायद्याचे कलम १४ सांगते. पीएम सूर्यघर योजनेतून छतावर सोलर बसवले तर पाच वर्षांची देखभाल बसवणाऱ्याकडेच असते. फ्लॅटवाल्याला पाच वर्षे मिळतात, सोलरवाल्याला पाच वर्षे मिळतात. कर्ज काढून स्वतःच्या गुंठ्यावर गवंडी लावून घर बांधणाऱ्याला अशी कोणतीच हमी मिळत नाही. ही पोकळी खरी आहे. ती भरायची आहे.

ती कशी भरायची हे जगाने दाखवले आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये जानेवारी २००५ पासून घरातले वीजकाम बांधकामाच्या नियमांत आले. नोंदणीकृत कारागीर स्वतः काम तपासतो आणि घरमालकाला प्रमाणपत्र मिळते. हा कारागीर पुढे धंद्यातून गेला तरी कामातला दोष दूर व्हावा म्हणून त्याच्या हमीमागे विमा उभा केला जातो. क्रम पाहा: आधी शिकलेला हात, मग चाचणी, मग प्रमाणपत्र, शेवटी विमा. आमच्याकडे शेवटची पायरी आधी विकली जाते आहे. त्याच देशात विजेच्या उपकरणांवर दुकानात विकल्या जाणाऱ्या वाढीव वॉरंटीची स्पर्धा आयोगाने २००३ मध्ये चौकशी केली, हा बाजार ग्राहकाच्या हिताने चालत नाही असा निष्कर्ष काढला आणि २००५ पासून ग्राहकाला विचार करून करार रद्द करण्याची मुदत मिळाली. दुकानाच्या गल्ल्यावर, घाईत, पैसे मोजताना काढलेला विमा हा निर्णय नसतो.

म्हणून आमचे उत्तर स्पष्ट आहे. तपासलेल्या कामावर वॉरंटीचा विमा ही ज्यादाची सोय आहे. न तपासलेल्या कामावर तो वाया गेलेला पैसा आहे. चार गोष्टी जुळल्या तरच तो घ्यावा. एक, पॉलिसी विमा नियामकाकडे नोंदलेल्या कंपनीची असावी आणि तिचा क्रमांक आपल्या हातात यावा. दुकानदाराच्या लेटरहेडवरची 'वॉरंटी' म्हणजे विमा नव्हे. दोन, भिंतीतल्या तारेचा दोष काढण्यासाठी करावी लागणारी तोडफोड आणि पुन्हा गिलावा त्यात धरलेला असावा, कारण खरा खर्च तोच असतो. तीन, कारागीर गेला, मेला, धंदा बंद करून बसला तरी ती चालावी. चार, तिची मुदत कारागिराच्या स्वतःच्या हमीपेक्षा लांब असावी आणि दुसऱ्या कोणी बोर्ड उघडला एवढ्यावर ती रद्द होऊ नये. यांतली एक गोष्ट जरी नसेल तरी ते पैसे आरसीसीबीवर घाला.

आम्ही हेही मानतो की वायरमन आमचा शत्रू नाही. आम्ही त्याला पॉइंटच्या दरात पिळतो, "तो अमका दोन रुपये कमी घेतो" म्हणून सांगतो, हलकी तार आणायला भाग पाडतो आणि दोष निघाला की त्यालाच शिव्या देतो. स्वस्त काम मागणाऱ्या घरानेच हिरवी तार कापायला लावली आहे. जबाबदारी मागायची तर तिची किंमतही मोजली पाहिजे.

आम्ही काय करणार

१. आम्ही परवाना पाहून काम देऊ. ज्याच्या नावाची सही अहवालावर असेल तो माणूस गिलाव्याआधी एकदा आणि काम संपल्यावर एकदा घरात उभा राहील. प्रत्यक्ष तार ओढणाऱ्याचे नावही त्या कागदावर येईल.

२. गिलाव्याआधी आम्ही प्रत्येक भिंतीचा फोटो काढू, शेजारी टेप धरून. पाइप कुठून गेला, जॉइंट कुठे आहे हे घराला कायम माहीत राहील. उद्या खिळा ठोकणाऱ्याचा हात वाचेल, आणि दुसऱ्याने मागाहून केलेल्या कामाचा दोष पहिल्या वायरमनच्या माथी बसणार नाही.

३. चाचणीशिवाय आम्ही काम पूर्ण मानणार नाही. ५०० व्होल्टच्या मेगरवर तारांचा इन्सुलेशन रोध किमान १ मेगाओम आलाच पाहिजे. अर्थिंग मोजले पाहिजे. प्रत्येक सॉकेटची हिरवी तार डोळ्यांनी पाहिली पाहिजे. आरसीसीबीचे टेस्ट बटण आमच्यासमोर दाबले पाहिजे, आणि त्यानंतर दर महिन्याला घरातल्या कोणीही ते दाबायचे.

४. आम्ही पक्की पावती घेऊ. तारेची कंपनी, आयएसआय मार्क, दिव्याला १.५, सॉकेटला २.५ आणि गिझरला ४ चौरस मिलिमीटरची तार वापरली की नाही, हे तिच्यावर लिहिलेले असेल. कोणती एमसीबी कोणत्या खोलीची, हा नकाशा डीबीच्या, म्हणजे एमसीबीच्या पेटीच्या, दाराच्या आत चिकटवलेला असेल. सारे कागद कन्नड आणि मराठी दोन्ही भाषांत असतील, कारण अहवाल कार्यालयात वाचला जातो आणि बटण आजी दाबते.

५. प्रत्येक नव्या वायरिंगवर आम्ही पाच वर्षांची लेखी हमी मागू. बिल्डर देऊ शकतो, सोलरवाला देऊ शकतो, तर आमचा कारागीरही देऊ शकतो. आमच्यातले वायरमन ती देण्याचा शब्द इथे देत आहेत.

६. कामाच्या रकमेचा दहावा हिस्सा एक पावसाळा जाईपर्यंत ठेवला जाईल. सरकारी कामात कंत्राटदाराची सुरक्षा ठेव दोष निवारणाचा काळ संपेपर्यंत राहते. घराचे काम त्याहून हलके नाही. मात्र ही रक्कम मालकाच्या खिशात राहणार नाही. ती दोघांच्या नावे पतसंस्थेत किंवा सौहार्द सहकारी संस्थेत ठेव म्हणून जाईल. ओल आली, भिंतीत करंट उतरला तर त्यातून दुरुस्ती होईल. काही झाले नाही तर मुद्दल आणि व्याज दोन्ही वायरमनचे. विम्याचा हप्ता कुठल्या कुठे जातो. ही ठेव चांगल्या कामाकडे परत येते.

७. आम्ही सर्वांत कमी दराला काम देणार नाही. चाचणीचे पैसे वेगळे मोजू. गावातल्या आयटीआयमधून शिकून आलेल्या पोरांना जुन्या मिस्त्रींच्या हाताखाली काम देऊ, आणि त्यांना परवान्याच्या परीक्षेला बसायला लावू. काम करताना त्यांचा स्वतःचा अपघात विमा चालू आहे का, हे आधी विचारू.

८. जुनी घरे आम्ही मागे ठेवणार नाही. कौलारू घरांतल्या लाकडी पट्टीवरच्या तारा, भाड्याच्या खोल्यांतले एकाच बोर्डावरचे चार प्लग, विड्या वळणाऱ्या बायांच्या दिव्याखालची वाळकी पाने आणि तंबाखू हे सारे आम्हाला माहीत आहे. प्रत्येक गल्लीने वर्गणीतून एक मेगर घ्यावे. सुट्टीच्या दिवशी आमच्यातले जाणकार वायरमन घरोघरी जाऊन तपासतील. जिथे पैसे कमी असतील तिथे क्रम ठरलेला आहे: आधी अर्थिंग, मग आरसीसीबी, मग बाकीचे. भाडेकरूच्या खोलीची जबाबदारी घरमालकाची, यात तडजोड नाही.

९. ज्याने फसवले त्याला आम्ही कागदासह आयोगासमोर उभे करू. एकट्या माणसाला बेळगावचा फेरा जड जातो. आम्ही बरोबर जाऊ, अर्ज लिहून देऊ, १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करू. विम्याची तक्रार असेल तर ती नियामकाच्या बीमा भरोसा व्यवस्थेत नेऊ.

हे सारे आजच सुरू करता येते. त्यासाठी नवा कायदा नको, कोणाची मंजुरी नको, सीमावादाचा निकाल लागण्याची वाट पाहायला नको. करंटला राज्य नसते आणि भाषा नसते. तो इकडच्या आणि तिकडच्या माणसाला सारखाच धरतो. म्हणून हे काम कन्नड बोलणाऱ्या शेजाऱ्याचेही आहे, अर्जुननगरच्या दादांचेही आहे आणि नोकरीसाठी पुण्याला गेलेल्या, गावी घर बांधायला पैसे पाठवणाऱ्या पोरांचेही आहे.

आपण घर बांधत असाल तर गिलावा थांबवा आणि आम्हाला बोलवा. आपण वायरमन असाल तर पाच वर्षांच्या हमीवर सही करा. आम्ही आपल्याला पुरा दर देऊ आणि चार घरे जोडून देऊ. आपण विमा विकत असाल तर आमच्या चार अटींची पॉलिसी आणा. ती आम्हीच गावाला सांगू. आपण भाड्याने राहत असाल तर आज संध्याकाळी मालकांना विचारा: या खोलीला अर्थिंग आहे का?

निपाणीत यापुढे घर पाहायला आलेला माणूस चाचणीचा कागद मागेल, आणि तो दाखवता येणे हीच घराची प्रतिष्ठा ठरेल. तो दिवस आम्ही आणणार आहोत. या, आपले नाव आमच्या नावांशेजारी लिहा.